गावनकाशातली तुटक रेषा

गेल्या ऑक्टोबरात गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवरच्या एका उतारावर मी सायकल खांद्यावर टाकून उभा होतो. समोर जमिनीत घळ पडली होती. वरच्या अंगाला बोटभर खोल, मध्यावर वीतभर, आणि खाली जिथे ती भाताच्या खाचराला भिडत होती तिथे बांधाचा कोपराच फुटलेला. त्या फटीतून आलेला मुरूम पसरला होता आणि त्याखाली हातभर पीक झोपलं होतं. घळ मला लगेच ओळखू आली, कारण तिची सुरुवात मी केली होती. जुलैत, पाऊस थांबून जेमतेम तास झालेला असताना, आम्ही चौघे त्या उतारावरून सरळ खाली उतरलो होतो. ओल्या तांबड्या मातीत ब्रेक दाबला की मागचं चाक फिरायचं थांबायचं आणि नांगराच्या फाळासारखं माती ओढत खाली यायचं. दीड मिनिटाचा उतार. खाली पोचल्यावर आम्ही आनंदाने ओरडलो होतो, एकाने व्हिडिओही काढला होता.

खाचरात एक बाई भात कापत होत्या. मी विचारलं, "मावशी, हे कशानं झालं?" त्यांनी कंबर सरळ केली, आधी घळीकडे पाहिलं, मग माझ्या सायकलीच्या जाड टायरकडे.

"सायकलीचं चाक गेलं ना दादा, पाण्याला वाट दाखवून गेलं."

आवाजात राग नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तसं त्या बोलल्या आणि पुन्हा वाकल्या. गेली अकरा वर्षं मी नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत माउंटन बाईक चालवतो, निसर्गावर प्रेम करणारा माणूस म्हणून स्वतःची ओळख करून देतो, आणि पाणी मातीवर कसं चालतं हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

नाशिकला सायकलचं वेड आहे हे आता वेगळं सांगायला नको. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत व्यायामाची सायकल आली. ती सगळी डांबरावरची. पण त्र्यंबक रोड असो की मुंबई-आग्रा महामार्ग, पहाटे साडेपाचला निघालं तरी ट्रक आणि कंपन्यांच्या बस मागून घासून जातात. ज्यांना जमलं त्यांनी डांबर सोडलं आणि मातीत उतरले. मी त्यातलाच. आज रविवारी सकाळी बॅकवॉटरच्या कडेने, पांडवलेणीच्या मागच्या अंगाला, म्हसरूळच्या डोंगराखाली, रामशेजच्या पायथ्याला जाड टायरवाले दिसतात. पाच वर्षांपूर्वी एखादा दिसायचा, आता टोळ्या दिसतात. कुणी परवानगी दिलेली नाही, कुणी मनाई केलेली नाही. ज्याला जिथून मोकळं दिसलं तिथून त्याने चाक घातलं.

या भूगोलाची भुरळ पडणं स्वाभाविक आहे. घरातून निघाल्यावर तासाभरात तलाव, जंगल, माळ आणि कातळ अशी चारही रूपं चाकाखाली येतात असं शहर महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात ७०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा अंतरात माती बदलते, झाडं बदलतात, चाकाचा आवाज बदलतो. काश्यपी धरणाच्या बाजूला करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी वाट आणि सिन्नरकडचा खडखडीत मुरमाड माळ यांची जात वेगळी आहे.

मग या वाढत्या चाकांचं करायचं काय? दोन उत्तरं कानावर येतात. पर्यावरणाची तळमळ असलेले माझे काही मित्र म्हणतात, बंद करा. आणि ज्यांच्या हातात निधी आहे ते म्हणतात, 'एमटीबी पार्क' म्हणजे माउंटन बाईकचं उद्यान करा, कमान उभारा, तिकीट लावा. मला दोन्ही मान्य नाही. नाशिकला सायकलीसाठी नवं काही बांधायची गरज नाही. आपल्या गावांच्या जुन्या पायवाटा आहेत, त्या मोडत चालल्या आहेत. त्या गावांच्या मालकीने, गावांच्या अटींवर, नीट आखून जिवंत ठेवाव्यात आणि सायकलने त्यांवरूनच जावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यामागे माझ्यापुरती तरी बरीच शोधाशोध आहे.

सुरुवात मातीपासून. माउंटन बाईकचं चाक जंगलाची नासधूस करतं का? १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डोंगरातल्या वाटांवरून पायी माणसं, घोडे, मोटारसायकली आणि सायकली पुन्हा पुन्हा नेऊन माती किती सुटते ते मोजलं गेलं. ओल्या वाटेवर सर्वांत जास्त माती घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी सोडली, चाकांनी त्याहून कमी. आमच्या सायकलवाल्यांच्या गटांत हा प्रयोग ढालीसारखा पुढे केला जातो. मीही केला आहे. पण तो प्रयोग तयार वाटेवरचा होता. वाटच नसलेल्या उतारावर पहिल्यांदा चाक घालणं ही वेगळी गोष्ट आहे. पाय खड्डे पाडतो, ते सुटे सुटे असतात. चाक मात्र वरपासून खालपर्यंत सलग रेघ ओढतं. सरळ उतारावरची सलग रेघ म्हणजे पाण्याला खणून दिलेली नाली. खाली येता येता पाणी वेग धरतं, वेगाबरोबर माती उचलतं, आणि दुसऱ्या पावसात त्या रेघेची घळ झालेली असते. मावशींनी एका वाक्यात सांगितलं ते हेच.

जगभर सायकलींच्या वाटा आखणारे लोक हे फार पूर्वी शिकले. त्यांचे ठोकताळे साधे आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे डोंगर १०० फुटांना ३० फूट उतरत असेल तर वाट १५ च्या आत हवी. एकंदर वाटेचा सरासरी चढ १०० ला १० च्या आत. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पलीकडे पसरतं, वाटेतून वाहत नाही. आणि दर थोड्या अंतरावर वाटेने हलकेच एक उंचवटा घ्यावा, म्हणजे चुकून वाहायला लागलेलं पाणीही तिथे अडून बाहेर पडतं. रुंदी २ फूट पुरते. सिमेंट नको, खडी नको, रोलर नको.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी पाहिलं आहे. मग आठवलं. आपल्या डोंगरांवर रोजगार हमीतून, पाणलोटाच्या कामांतून खणलेले सलग समतल चर! २ फूट रुंद, डोंगराला मिठी मारल्यासारखे समपातळीवर फिरणारे. ते आखायला इंग्रजी 'ए' अक्षरासारखी लाकडी चौकट असते. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यापासून सोडलेला ओळंबा. ओळंबा पट्टीच्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. मग एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण, पुन्हा फक्की. चौकट नसेल तर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. त्र्यंबक-पेठ पट्ट्यातल्या अनेक गावांत हे काम स्वतः केलेली माणसं आहेत, बायका आहेत. त्यांना पाणी कुठे पळेल आणि कुठे थांबेल हे डोळ्यांनी कळतं. चर पाणी अडवायला आणि वाट पाणी सोडून द्यायला, एवढा फरक. समपातळी ओळखण्याची विद्या तीच. युरोप-अमेरिकेत वाट आखणाऱ्या तज्ज्ञाला चांगले पैसे मोजतात. आपल्याकडे ही विद्या जाणणारी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला, द्राक्षबागांना, बांधकामांवर निघून जातात.

आता त्या उताराकडे परत येतो. आम्ही सरळ खाली का उतरलो? बेफिकिरी होतीच, पण आणखी एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. मी त्या गावाचा जुना गावनकाशा मिळवला. गावनकाशात दोन तुटक समांतर रेषा म्हणजे गाडीमार्ग, आणि एकच तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. त्या नकाशावर डोंगराच्या सोंडेला वळसा घालून, एका ओढ्याला वरच्या अंगाने ओलांडून, खाचरांच्या कडेने पाण्यापर्यंत जाणारी एक तुटक रेषा आहे. जमिनीवर ती वाट सापडते, पण सोंडेपाशी संपते, कारण तिथे आता फार्महाऊसची भिंत आहे. आठ फूट उंच, वर काचा. भिंत आल्यावर आधी लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी तिच्या कडेने सरळ खाली जायला सुरुवात केली, मग शाळेच्या पोरांनी, मग गुरांनी. आम्ही आलो तोवर तिथे गवत वाकलेलं होतं, वाट असल्यासारखं दिसत होतं. चार जाड टायरांनी उरलेलं काम केलं.

नाशिकच्या पश्चिमेला हे जागोजाग चाललं आहे. तलाव दिसतो म्हणून भाव, डोंगर दिसतो म्हणून भाव. प्लॉट पडतात, तारेचं कुंपण येतं, मग भिंत येते, आणि शंभर-दीडशे वर्षं वापरात असलेली वाट एका दुपारी नाहीशी होते. जी वाट गावाच्या नकाशात आहे ती जमिनीवरून पुसली गेली तर त्याची दखल घेणारी व्यवस्था अगदीच तोकडी आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा. त्याखाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतात जाण्याचा रस्ता देतं, तेही शेतकऱ्याला. भिंत बांधून वर्षं लोटलेली, अर्ज कुणी करायचा हे गावात ठरेना, आणि ज्यांच्या रोजच्या वापरातली ती वाट होती त्या बायकांना सहा महिन्यांची मुदत असते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

माउंटन बाईकचा प्रश्न मला इथे येऊन मोठा वाटायला लागला. आम्हाला हवी असलेली वाट आणि मावशींना हवी असलेली वाट ही एकच वाट आहे. डोंगराला वळसा घालणारी, चढ सौम्य ठेवणारी, डोक्यावर मोळी घेऊन घसरू न देणारी. शतकभर पायांनी आणि खुरांनी तिची आखणी केली आहे आणि ती आखणी बहुतेक ठिकाणी त्या परदेशी ठोकताळ्यांत चपखल बसते. मी मोबाईलवर चढ मोजत ती उरलेली जुनी वाट चाललो. भिंतीपर्यंत कुठेही १०० ला १२ च्या वर चढ नव्हता. आम्ही उतरलो तो सरळ उतार ३० च्या पुढे होता.

स्कॉटलंडने २००३ च्या जमीनविषयक कायद्यात मालकी कुणाचीही असो, मोकळ्या रानातून पायी, घोड्यावर किंवा सायकलीने जबाबदारीने जाण्याचा हक्क सगळ्यांना दिला. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार केवढा आणि शेतं केवढी लहान, तसा कायदा इथे आणा असं मी म्हणणार नाही. कुणाच्या उभ्या पिकातून जाण्याचा हक्क मला नको. पण गावनकाशातली तुटक रेषा तरी शाबूत राहावी ही मागणी जास्त नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांतल्या गावांचे पायमार्ग मोजून, दगडांच्या खुणा लावून, ग्रामसभेच्या दफ्तरात नोंदवून घ्यावेत. हे काम एका पावसाळ्यानंतरच्या हंगामात सुरू होऊ शकतं आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत.

कोट्यवधींची गोष्ट निघाली म्हणून 'पार्क'वाल्यांचं बोलायलाच हवं. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराभोवती खोदकाम चालू आहे. तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड येणार असं कळल्यावर २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, ते मी पाहिलं आहे, त्यात उभाही होतो. या वातावरणात 'साहसी पर्यटन' हा शब्द उच्चारला की पुढे काय येतं ते आपल्याला पाठ आहे. पेव्हर ब्लॉक, रंगवलेले सिमेंटचे हत्ती, सेल्फी पॉइंट, पार्किंगसाठी सपाट केलेलं टेकाड, आणि तीन वर्षांनी तुटलेलं सगळं. वन संवर्धन कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, मंजूर आराखड्यात बसवलेल्या निसर्गपर्यटनाच्या सुविधा जंगलाचा वेगळा वापर मानल्या जात नाहीत. म्हणजे दार आधीच किलकिलं झालं आहे. माउंटन बाईकच्या नावाखाली त्या दारातून जेसीबी आत शिरला तर आमच्या छंदाची मला लाज वाटेल. २ फुटांच्या मातीच्या वाटेला जेसीबी लागत नाही. कुदळ, फावडं, घमेलं आणि ओळंबा लागतो. ज्या आराखड्यात याहून जास्त काही दिसेल तो सायकलीसाठी नाही असं खुशाल समजावं.

एका गोष्टीसाठी मात्र मी सरकारी पैसा मागेन. सिंगापूरजवळच्या पुलाऊ उबिन बेटावर केटाम नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. तिच्याभोवती २००८ साली सुमारे १० किलोमीटरच्या सायकलवाटा केल्या. जिथून दगड काढून झाला होता, जमीन आधीच ओरबाडलेली होती, तिथे. आपल्याकडे सारूळ, बेळगाव ढगा भागात डोंगर कापून काढलेत, त्यांच्या उघड्या जखमा त्र्यंबक रस्त्यावरून दिसतात. ज्यांना उड्या मारायच्या आहेत, वेग हवा आहे, स्पर्धा हव्या आहेत त्या पोरांना अशा बंद पडलेल्या खाणीत जागा द्या. कडा सुरक्षित करा, माती टाका, देशी झाडं लावा. तिथे माती वाहून जायला शिल्लकच नाही. जंगलाला उड्यांची गरज नाही आणि उड्यांना जंगलाची.

आता 'बंद करा' म्हणणारे. यांच्याशी मी वाद घालतो, पण आदराने, कारण ते ज्या जागांसाठी बोलतात त्या जागांबद्दल ते बरोबर आहेत. अंजनेरीच्या पठारावर एक कंदीलपुष्प फुलतं. 'सेरोपेजिया अंजनेरिका' असं त्याचं शास्त्रीय नाव, २००६ साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. जमिनीखाली छोटासा कंद, वर पावसाळ्यात थोडे दिवस दिसणारं नाजूक रोप. त्यावरून चाक गेलं तर चाकाला कळणारही नाही. त्याच डोंगराच्या कड्यांत गिधाडं घरटी करतात. अंजनेरीवर मोटारीचा रस्ता नेण्याचा विषय निघाला होता तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, तो योग्यच होता. बोरगड २००८ साली राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, उघड्याबोडक्या डोंगरावर पुन्हा जंगल उभं करायला लोकांनी वर्षानुवर्षं खपून. अशा पठारांवर, अशा माथ्यांवर सायकल नको. पायथ्याशी ठेवून चालत जावं. तलावाच्या कडेलाही हेच. हिवाळ्यात पाणी उतरतं तसा गाळ उघडा पडतो, तिथे पक्षी उतरतात, आणि काही ठिकाणी शेतकरी गाळपेर करतात. सायकलची वाट धरणाच्या पूर्ण संचय पातळीच्या वरच राहिली पाहिजे. काठावरून चाक ओढत जाण्याचा मोह आम्हाला होतो, कारण फोटो चांगला येतो. तेवढा मोह आवरता येत नसेल तर वाटा मागूच नयेत.

पण सगळीकडे बंदी घालून काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. १९७०च्या दशकात मारिन काउंटीतल्या माउंट तमालपायस डोंगरावर आणि आसपास काही पोरं जुन्या जड सायकली घेऊन आगप्रतिबंधक रस्त्यांवरून खाली सुसाट यायची. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच १९७६ साली सुरू झालेल्या तिथल्या शर्यतीचं नाव 'रिपॅक' पडलं. माउंटन बाईक जगाला मिळाली ती तिथून. आणि त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद वाटा पुढे सायकलींना बंद झाल्या, वनरक्षक वेग मोजायची बंदूक घेऊन रुंद रस्त्यांवर उभे राहू लागले. चालणारे, घोडेवाले आणि सायकलवाले यांच्यातलं वैर अनेक वर्षं चाललं. सायकलवाले संघटित झाले ते वाटा गेल्यावर. १९८८ साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिने वाटांची दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करायला घेतली, ते वर सांगितलेले ठोकताळे नेटाने मांडले, आणि मग हळूहळू काही ठिकाणी दारं उघडली. बंदीने चाकं थांबत नाहीत, ती लपून जायला लागतात. आणि लपून जाणारा माणूस वाट दुरुस्त करायला फावडं घेऊन येत नाही. नाशिकमध्ये अजून वैर सुरू झालेलं नाही. मावशी अजून 'दादा' म्हणतात.

अटी कुणी घालायच्या? त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा सगळा पेसाचा, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याचा पट्टा आहे. १९९६ च्या त्या कायद्याने ग्रामसभेला आपल्या शिवारातल्या साधनांवर अधिकार दिला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क. महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा लोकांच्या या वाटा आहेत. वनविभागाच्या जमिनीवर संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. म्हणून शहरातल्या एखाद्या क्लबने ॲपवर वाट टाकायची आणि गावाने ती दुसऱ्या दिवशी पाहायची, हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी ग्रामसभा. ती नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर माणशी शुल्क समितीच्या खात्यात, ठेकेदाराच्या नाही. दसरा झाला की वाटेची डागडुजी, त्याची मजुरी त्या गावातल्या लोकांना. चहा, भाकरी, पंक्चरचं सामान हे आपोआप येईल, त्यासाठी योजना लागत नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. जमीन विकलेल्या माणसाला त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टात वेटर म्हणून उभं राहिलेलं मी पाहिलंय. वाटेचा मालक गावच राहिला तर निदान हे तरी टळेल.

आणि पावसाळा. इथे माझेच मित्र माझ्यावर चिडतात. नाशिकचा माउंटन बाईकवाला वर्षभर वाट पाहतो ती पावसाची. हिरवे डोंगर, धबधबे, ढगांत शिरलेली वाट. पण मृगापासून घटस्थापनेपर्यंत पश्चिमेच्या मातीच्या वाटा सायकलींना बंद असल्या पाहिजेत, त्याला दुसरा इलाज नाही. त्या दिवसांत पूर्वेला जावं, सिन्नरच्या बाजूच्या मुरमाड माळावर, जिथे पाऊस कमी आणि जमीन कडक. तिथेही एक साधी परीक्षा आहे. टायरला माती चिकटून यायला लागली की परत फिरायचं. मी जुलैत हे केलं असतं तर एका घरचं हातभर भात वाचलं असतं. हातभर म्हणजे किती, असं शहरातल्या माणसाला वाटेल. ज्याचं खाचरच दहा गुंठ्यांचं आहे त्याला विचारावं.

वाटेवर कुणी कुणाला जागा द्यायची हेही ठरलेलं हवं. गुरांना सगळ्यांनी, चालणाऱ्याला सायकलवाल्याने, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने. वळणापलीकडून लाकडाची मोळी घेऊन कुणी येत असेल हे धरूनच वेग ठेवायचा. मी हँडलला आता घुंगरू बांधलं आहे, बैलाच्या गळ्यातलं. गुराख्यांच्या पोरांना तो आवाज कळतो, गुरं बिचकत नाहीत. बिबट्याच्या रानात पहाटे आणि तिन्हीसांजेला जायचंच नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो पावलं निघतात, त्या वाटेवर त्या दिवसांत चाकाचं काय काम? आणि फेब्रुवारीनंतर, जेव्हा वणवे लागतात, तेव्हा या वाटांवरून नियमाने जाणारी माणसं वनरक्षकाचे जादा डोळे होऊ शकतात. डोंगरात धूर पहिल्यांदा दिसतो तो वर असलेल्या माणसाला.

नोव्हेंबरच्या एका रविवारी आम्ही चौघे सायकली घरी ठेवून त्या उतारावर गेलो. दोन कुदळी, दोन घमेली. गावातल्या दोघांनी घळीत अनघड दगडांचे आडवे बांध कसे घालायचे ते दाखवलं: मोठा दगड खाली, लहान वर, मध्ये फट ठेवायची, म्हणजे पाणी झिरपतं आणि माती मागे राहते. सात बांध झाले. खाचराचा कोपरा मावशींच्या मुलाने आधीच लिंपून घेतला होता, आम्हाला त्यात हात लावू दिला नाही. दुपारी मावशी भाकरी आणि खुरासणीची चटणी घेऊन वर आल्या. भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, कड्याच्या अलीकडे दीड-दोन फुटांची जागा आहे, तिथून वाट जुन्या पायमार्गाला पुन्हा मिळवता येईल का, असं मी त्यांना विचारलं. त्या पुढे झाल्या. करवंदीची जाळी काठीने बाजूला केली, ओढ्याच्या वरच्या अंगाला एका दगडावर पाय ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "इथून. माझ्या लग्नाची वरात याच वाटेनं आली होती."